जोगिणीचा वाढदिवस

चीनमधल्या वूदांग डोंगरावरून खाली जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. तिला सोडायला तिची लेक आली होती. अंगात निळा झगा, डोक्यावर घट्ट बुचडा. इथल्याच ताओ मठातली जोगीण.

"अंडं तरी खा. वाढदिवसाचं म्हणून लाल रंगवून आणलंय."

"मठात अंडं चालत नाही, आई."

"दीर्घायुष्याच्या नूडल्सनाही हात लावला नाहीस."

"इथं वाढदिवस नसतात गं. कुणी कुणाला वय विचारत नाही. मीही मोजणं सोडलंय."

"तू सोडशील. कळा मी सोसल्यात."

"आई, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. नव्या वर्षाच्या जेवणाला तुझी वाटी अजून मांडते मी. तुझे बाबा म्हणतात, उचल आता ती. उचलू?"

"बाबांना बरं वाटेल तसं करा."

"मी तुला विचारतेय, निंग."

निंग वाकून आईच्या पिशवीची गाठ घट्ट करू लागली.

"आईला साधं उत्तर द्यायचं नाही. हाच का तुमचा ताओ?"

"बस आली बघ. पुढच्या सीटवर बस, वळणांवर मळमळतं तुला. आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घे. सत्तरी उलटायची वाट बघू नकोस."

"उगीच म्हातारी करू नकोस मला. कुठं आलीय सत्तरी?"

"यंदा पुरी होतेय. शरदातल्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी."

"मोजणं सोडलंस ना?"

"माझं सोडलंय."

"बरं. मग वाटी राहते तिथंच."