उलट्या घडीची विडी

मार्था माझं नाव, तेवढं नीट लिवा. गाव सांगोल्याकडचं, पान्याची बोंब. आमच्या वस्तीवर एक पाळकबाबा सायकलवर यायचे, त्यांनीच हिरीच्या पान्यानं माझा बाप्तिस्मा केला, आठ वर्साची आसंन मी. पुढं त्या मोठ्या दुष्काळात नवरा खडी फोडता फोडता गेला आन मी दोन पोरी घिऊन सोलापुरात आले, आन विडीला बसले, कारन दुसरं काय येतंय मला? मांडीवर सूप, सुपात पानं आन तंबाखू, दिसभर वळायची. कडबा तोडताना माझ्या डाव्या हाताचं येक बोट आर्धं गेलंय, हे बगा, त्यामुळं विडीच्या तोंडाची घडी माझ्या हातनं उलटी बसती. कारखान्यातला चेकर शिव्या द्यायचा, पर घ्यायचा. सगळ्या शहरात तसली घडी माझी एकटीची.

आता त्या मास्तरचं सांगते. शमुवेल मास्तर, आमच्या ख्रिस्ती देवळातला पंच, त्याच पाळकबाबाचा ल्योक. बाबा तवर लई थकलेले, हितं ल्योकाच्या घरी आतल्या खोलीत पडून, कुनाला दिसायचे न्हाईत. आन ह्यो मास्तर! इस्तरीचा शर्ट, आन बोलनं काय वो, दर आयतवारी मोहावर बोलायचा, सैतान कुटनं शिरतो ते सांगायचा, आन सांगताना बगायचा मात्र माज्याकडं. येक दिस पंचात ठरवून टाकलं की जी बाई विडी वळती ती दुसऱ्याला पापात ढकलती, तिला प्रभुभोजन न्हाय, प्रभूच्या नावानं वाटत्यात ती भाकर न्हाय. मी म्हनले मास्तर, विडी सोडली तर पोरींला काय घालू? तर म्हनला विश्वास ठिव. ह्येचं काय जातंय म्हनायला, साळंचा पगार घेतोय की!

काय सांगू तुमाला, भाकरीचं ताट बाकावरनं फिरत यायचं आन माज्यापाशी आलं की मास्तर सोता हात घालून पलीकडं द्यायचा. शेजारची बाई खाली बगायची. माज्या पोरी इचारायच्या, आये, तू काय केलंस? ती भाकर मला पायजेच हुती, बाबांनी मला तिच्यासाटी पान्यात उभी केलती, ह्यो कोन मधी हात घालनारा?

मग त्यानं मला घरी बोलीवलं, विडी सोडते म्हनून कागदावर अंगठा दे. कागद आनायला आत गेला. खिडकीत डब्याचं झाकन पालथं घातलेलं, खालनं विडीचा दोरा दिसला. उचलून बगते तर सात-आट विड्या, आन घडी उलटी! माज्याच हातच्या! येक उचलली, पदराला गाठ मारली आन अंगठा न देताच बाहेर पडले. तितंच इचारायचं हुतं की मी, मास्तर ह्या कुनाच्या? न्हाय इचारलं. मला तो भर मंडळीत पायजे हुता. खोटं कशाला बोलू, तो आटवडा माजा लई गोडीत गेला, त्याचं तोंड कसं हुईल ते डोळ्याम्होरं आनत मी विड्या वळत हुते, हात भराभर चालत हुता.

आयतवारी साक्ष द्यायला उटले. पदराची गाठ सोडली, विडी वर धरली, म्हनले ही माज्या हातची, मास्तरच्या खिडकीतली. मास्तर उभा ऱ्हायला, म्हनला व्हय, माज्या घरातली हाय. बास, तेवढंच. पंचपद सोडलं, मागच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिशी भाकर मला मिळाली, आन मी ती जिंकल्यावानी चावली.

महिना गेला आसंल, त्याची बायको एस्तेर माज्या दारात. बस म्हनले, बसली न्हाय. म्हनली, विड्या दे. बाबांला वढायला लागती, हात हालत न्हाय तर आमचे हेच रोज विडी पेटवून त्यांच्या तोंडात धरत हुते, बाबांचं नाव जाऊ नये म्हनून मंडळीत गप ऱ्हायले. आता हे विडी घरात येऊ देत न्हाईत, बाबा पोरावानी रडत्यात, दे आता, तूच दे. ज्या हातानी मला पान्यात धरलं ते हात हालत न्हाईत, आन मी त्यांचीच विडी मंडळीत नाचवली की वो.

पर मास्तरचा राग गेला का म्हनाल तर न्हाय. बापाला विडी चालती, मग माज्या पोरींची भाकरी का न्हाय चालत? हे त्यानं मला अजून सांगितलं न्हाय. तवापासनं दर शनवारी मी विड्या घिऊन जाते, पानं निवडून, घडी उलटीच, पर नीट घालून. विडी घरात नको म्हननारा मास्तरच दार उघडतो, हात म्होरं करतो, घेतो, दार लावतो. ये म्हनत न्हाय. मी बी चुकलं म्हनत न्हाय. शनवारी मनाशी ठरवून जाते आन त्याचं तोंड बगितलं की जीभ आडती.

बाबांला देव सुकानं ठिवो, वढू दे बापड्याला. आता भाकरीचं ताट फिरत येतं, नवा पाळक सांगतो, ज्याचं कुनाशी वाकडं हाय त्यानं आदी मिटवून यावं. आता मला कुनी आडवत न्हाय. मागं वळून बगते तर मास्तर हात बांधून बसलेला. मग मीच ताट उचलते आन पलीकडं देते.