हंड्यातली मिरची

मुरुम गावच्या तांबटाकडं भांडी दुरुस्तीला बायकांची रांग लागली होती. लुटालुटीत सोलापूरकडं पळालेली माणसं नुकतीच परतली होती. माझ्या पुढं दोघी बोलत होत्या.

"नीलम्मा, हंड्याच्या बुडाला एवढी भोकं कशानं गं?"

"अजीजाबीनं पाडली. छिन्नीनं."

"तुझ्या शेजारणीनं? हात मोडो तिचा!"

"ऐक तर, गंगक्का. परत आले तर घरात एक वाटी न्हाय. आन् तिच्या अंगणात माझा हंडा, माझी परात, माझं तपेलं! सगळ्यांत माती भरून मिरची, पुदिना लावलेला."

"अगं बाई! माझी तर शुद्धच गेली असती."

"मग तीच म्हणाली, लुटणारे तांबं-पितळ उचलून नेत व्हते, पण भोकं पाडून माती भरलेल्या भांड्याला कोण हात लावतंय?"

"म्हंजी, तुझ्यासाठी राखली तिनं?"

"व्हय."

"मग स्वतःची बी अशीच राखली असतील की."

"तिला वाटलं, लुटणारे आपल्याच धर्माचे, आपल्या घरात कोण शिरंल? त्यांनी तिच्या चुलीवरचं कालवणाचं भांडं बी ओतून नेलं."

"तिचं? तिचं बी नेलं?"

"आता मातीच्या गाडग्यात शिजवती. म्हणून हा हंडा नीट करून तिला द्यायचाय."

"घेईल का ती?"

"न्हायच म्हणली. नुसता घासून तुझ्या मिरचीसाठी परत आणते, असं सांगून उचलून आणलाय."