बदरानच्या मुलाच्या सातवीचा खलबत्ता

नाव : वदीदा शाझली कुरैम, खमीसची विधवा. वय : कार्डावर त्रेसष्ट. धंदा : बदकं पाळणे, बाळंतिणींचं बघणे. शिक्षण : गावच्या शाळेत चौथी. राहणार : नगा अत-तूत, कालव्याकडची गल्ली, जिल्हा किना.

ठाण्यात आपल्या पायांनी आले. कोणी पढवलेलं नाही. विचारल्यावरून सांगते ते असं :

बदरान हमाम, वय एकतीस, माझा शेजारी. मला मावशी म्हणतो. सैन्यात सहा वर्षं होता, शेवटी वाळवंटातल्या एका चौकीवर. तिथे स्फोट झाला. चौकीत पाच जण होते, हा एकटा परत आला. त्याला दीड वर्ष झालं. तिथलं तो बोलत नाही, मी विचारलं नाही.

आमच्या गल्लीत गॅसवाला पान्याने टाकी बडवत येतो. ती वाजली की बदरान असेल तिथे जमिनीवर आडवा पडायचा. मी ओरडायचे, "गॅस आला, बदरान झोपला!" गल्ली हसायची. तोही कपडे झटकत हसायचा. म्हणून मला वाटलं, चालतंय.

लष्कराच्या दवाखान्याने त्याला डोक्याच्या डॉक्टरची तारीख दिली होती. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. गाडीच्या थांब्यावर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मी भर लोकांत म्हटलं, "काय रे, पिवळ्या वाड्यात निघालास? वेड्यांत एखादा धडधाकट दिसला तर माझ्यासाठी ठरवून ये." गाडी आली. तो चढला नाही.

हे कुणी विचारलेलं नाही. तरी लिहा.

काल गुरुवारी त्याच्या मुलाची सातवी होती, जन्मानंतरचा सातवा दिवस. पोराला चाळणीत ठेवायचं, कानाशी पितळी खलबत्ता वाजवायचा, म्हणजे मोठेपणी ते आवाजाला भीत नाही. गावात खलबत्ता मीच वाजवते. आदल्या दिवशी बदरान येऊन म्हणाला, "मावशी, उद्या जरा हळू वाजव."

मी म्हटलं, "हळू वाजवलं तर पोर तुझ्यासारखं होईल."

तो दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "मग जोरात वाजव."

दुपारी असरच्या नमाजानंतर बायका मेणबत्त्या घेऊन जमल्या, मीठ-गहू उधळत होत्या. मी वाजवत म्हणत होते, "आईचं ऐक, बापाचं ऐकू नको!" बदरान दाराबाहेर उभा होता. मीच त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. म्हटलं, "याच्या आईने वाजवायचा राहिलाय, तो आज मी वाजवते." त्याच्या कानाशी तीन ठोके दिले. बायका हसल्या. तिसऱ्या ठोक्याला त्याने चाळणीसकट पोर उचललं आणि पळाला. मेणबत्त्या पडल्या. त्याची बायको शादिया किंचाळली.

बदरानचे सासरे हाजी मुतावे यांनी फिर्यादीत लिहून दिलंय की, जावई वेडा आहे, पोराला कालव्यात फेकायला निघाला होता, मुलीला आणि नातवाला त्याच्याकडे ठेवणार नाही. हे खरं नाही. कालवा डावीकडे. तो उजवीकडे उसात गेला. त्याच्या मागे पहिली मी पोचले.

उसातल्या कोरड्या चारीत तो कोपर-गुडघ्यांवर ओणवा होता. पोर खाली, छातीच्या आडोशाला. त्याचा भार पोरावर नव्हता. पोर झोपलेलं, अंगावर ओरखडा नाही. सातवीचं मीठ आणि गहू बदरानच्या केसांत होते.

मला बघून तो म्हणाला, "मावशी, डोकं खाली घे. अजून येतायत."

मी म्हटलं नाही की, कोणी येत नाहीये. चारीत त्याच्या शेजारी आडवी झाले. सूर्य बुडून मगरिबची बांग होईपर्यंत दोघं तसेच होतो. मग तो म्हणाला, "संपलं का?" मी म्हटलं, "संपलं, बाळा." त्याने पोर माझ्या हातात दिलं.

हवालदारांनी विचारलं, तुम्ही का आडव्या झालात? तर त्याला माझीही काळजी वाटत होती म्हणून.

हाजींनी काल रात्री निरोप पाठवला की, खलबत्त्याचं सांगू नका, तुमचंच नाव खराब होईल. होऊ दे. पोर त्याने पळवलं नाही, वाचवलं. ज्याच्यापासून वाचवलं तो आवाज माझ्या हातचा होता. शादियालाही मी हेच सांगितलंय. ती म्हणाली, साहेब काय ठरवतात ते बघू. म्हणून अर्ज असा की, पोर बापाकडून काढू नये. दवाखान्याची नवी तारीख मी फोन करवून घेतली आहे, पुढच्या मंगळवारची. गाडीत त्याच्या शेजारी मी बसेन. थांब्यावर कोणाला हसायचं असेल तर आधी मला हसावं.

खलबत्ता ठाण्यात जमा केला आहे. परत नको.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, माझ्या बाजूने काही सावरून घेतलेलं नाही. सही माझ्या हातची.

आणि साहेब, खाली शिक्का मारताना हळू मारा. बदरान दाराबाहेरच्या बाकावर बसलाय.

(सही) वदीदा शाझली