छापला तो भाव

(कॅमेऱ्यांचं जुनं दुकान, दुपारची वेळ. मागे पडद्याआड राहायची खोली. म्हातारा दुकानदार काउंटरवर, त्याची बायको पडद्यापाशी खुर्चीत.)

दुकानदार : जरा हळू उलट. कागद सुकल्या पानासारखा झालाय, हात लावला की मोडतो.

गिऱ्हाईक : तुमच्यासाठीच मिळवला हा कॅटलॉग, काका. सगळे रद्दीवाले पालथे घातले.

दुकानदार : हा बघ, दोन भिंगांचा. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. तीनशे दहा. चामडी पिशवी हवी तर वर बावीस. हे पान मी उशाशी घेऊन झोपायचो. वडील म्हणायचे, एवढ्यात म्हैस येते, ती निदान दूध तरी देते.

गिऱ्हाईक : मग काय आणलंत?

दुकानदार : म्हैसही नाही आणि कॅमेराही नाही. पान तेवढं पाठ झालं. मी वाचायला शिकलो मिसरूड फुटल्यावर, तेही याच अक्षरांवर. पहिलं अख्खं वाक्य वाचलं ते हे, खाली बघ. ‘भाव ठरलेला आहे, घासाघीस करू नये.’ दुकानही मग तसंच चालवलं. छापला तो भाव.

बायको : छापून किती वर्षं झाली, ते पण सांगा त्याला. त्या भावानं कपाट रिकामं झालं.

दुकानदार : गिऱ्हाइकाचं तोंड बघून आकडा बदलणारा मी नव्हे.

बायको : तोंड एकदा बघा तरी. एवढे कॅमेरे नेले यानं, पुढे कितीला विकतो विचारलंत?

गिऱ्हाईक : विकत नाही हो काकू. सांभाळतो.

बायको : सांभाळणारा माणूस भिंग पुसायचं फडकं मागतो. तू एकदाही मागितलं नाहीस.

दुकानदार : अगं, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का?

गिऱ्हाईक : बोलू द्या, काकूच आहेत. काका, ही जागा घेतलीत तेव्हा हाच कॅटलॉग चालू होता ना?

दुकानदार : हाच. शाईचा वास उडाला होता तोवर, पण भाव तेच होते. जागा पडली अठरा हजारांना, मागच्या खोलीसकट. लोक म्हणाले, याला वेड लागलंय.

गिऱ्हाईक : अठरा हजार, खोलीसकट. मी देतो.

दुकानदार : काय देतोस?

गिऱ्हाईक : तेवढेच. रोख. परवा तुम्हीच म्हणालात, आता शटर ओढवत नाही.

बायको : अहो, तेवढ्यात आता नुसतं शटरसुद्धा बसवून मिळणार नाही.

दुकानदार : हो रे. जागेचा आजचा भाव काय चाललाय, ते जरा...

गिऱ्हाईक : आजचा? तुम्ही विचारताय, काका? मग कॅमेऱ्यांचाही आजचाच घ्यायचात माझ्याकडून. मी तर चारचौघांत सांगत फिरतो, एक माणूस उरलाय, ज्याचा आकडा हलत नाही.

दुकानदार : तसं नाही रे.

गिऱ्हाईक : मग कसं?

दुकानदार : आकडा हलवायचाच होता, तर इतकी वर्षं मी केलं काय?

बायको : अहो, ऐका माझं. लेकीला विचारल्याशिवाय कशावर सही करू नका. मी लावते तिला फोन. कुठे ठेवलाय?

दुकानदार : तो यानंच नेलाय ना, दुरुस्तीला.

बायको : अजून झाला नाही?

गिऱ्हाईक : झाला की. ताईंचे फोन येतात त्यावर, मी घेतो. म्हणतो, दोघं मजेत आहेत, आत्ताच डोळा लागलाय. त्यांनाही बरं वाटतं.

दुकानदार : बघ. पोटचा करणार नाही इतकं करतो.

गिऱ्हाईक : इथे सही, काका. आणि मागच्या बाजूला एक. अक्षर काय सुरेख आहे तुमचं.

दुकानदार : उशिरा शिकलो ना. गिरवून गिरवून आलंय.

बायको : आणि आम्ही राहायचं कुठे, बाबा?

गिऱ्हाईक : ते निवांत बघू, काकू. किल्ल्या सापडल्या तर द्या. नाही सापडल्या तरी अडत नाही, कुलूप मी नवीन आणलंय.