डाव्या मुठीचं रीळ

टेलर : हे गळाचं रीळ परत घे, शेठ, आणि ह्याच जातीचं डाव्या हाताचं दे.

बायको : अहो! दोरी घ्यायला आलो ना आपण? घरातून निघताना काय म्हणालात? गळाची दोरी संपलीय, जरा चल माझ्याबरोबर. आणि ही पिशवी कधी घेतलीत?

टेलर : तू चपला घालत होतीस तेव्हा.

दुकानदार : या, या, मास्तर! किती दिवसांनी पाय लागले दुकानाला. मास्तर, ह्या खुर्चीवर बसा; वहिनी, तुम्हीही बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. काय झालं, रीळ बिघडलं का? परवाच तर नेलं वहिनींनी. मी स्वतः फिरवून दिलं होतं, लोण्यासारखं चालत होतं.

टेलर : रीळ उत्तम आहे. गिऱ्हाईक बिघडलंय.

बायको : झालं ह्यांचं सुरू.

टेलर : ह्याची मूठ उजवीकडे आहे, मला डावीकडे हवी. पँट लांब झाली तर आपण माणसाचे पाय ओढून लांब करतो का? पँटच आखूड करतो.

बायको : भाऊ, तुम्ही ह्यांचं काही ऐकू नका. जन्मभर उजव्या हातानेच रीळ फिरवलंय ह्यांनी. तुम्ही बघितलंय ना?

दुकानदार : बघितलंय म्हणजे? दर रविवारी शेजारी बसायचो. मास्तरांचा उजवा हात फिरायला लागला की मासाच म्हणायचा, ओढू नका हो, मी आपणहून येतो.

बायको : मग! त्या हाताला परत नादी लावायचंय म्हणून तर मुद्दाम नेलं मी. नुसता मांडीवर पडून राहतो बिचारा. आवडीचं काम दिसलं की उठेल.

दुकानदार : पण वहिनी, तुम्ही तर म्हणाला होतात, हात हलायला लागलाय.

बायको : लागलाय की.

टेलर : नाही लागला.

बायको : मुंग्या येतात बोटांना! मुंग्या कशाने येतात? रक्त धावायला लागलं म्हणूनच येतात ना?

टेलर : शेठ, डाव्या मुठीचं आहे का दुकानात?

दुकानदार : आहे. एक आहे. पण तुम्ही दोघं आधी एकमेकांत ठरवा बुवा. ह्या गोल रिळाचं काय असतं, मूठ एकाच बाजूला असते आणि ती हलत नाही. घेताना काय ते डावं-उजवं करून घ्यायचं. एकदा घेतलं की शेवटपर्यंत तेच.

बायको : ऐकलंत? शेवटपर्यंत तेच. म्हणून म्हणते, घाई करू नका. भाऊ, जरा रॉडला लावून द्या हो हे. ह्यांनी एकदाही फिरवून बघितलेलं नाही. खोक्यातून काढलं, बघितलं, परत खोक्यात.

टेलर : अगं, कशाला?

बायको : माझ्यासाठी. एकदा.

दुकानदार : थांबा, लावतो. असं… हं. रॉड डाव्या हातात धरा, मास्तर. पेलतोय ना?

टेलर : डावा ठीक आहे रे. त्याला काय धाड भरलीय?

बायको : आता हा हात. मी ठेवते मुठीवर. बोटं मिटा बघू. मिटा की. बरं, असू दे, मी धरते वरून. फिरवा आता. अहो, फिरवा! हे बघा, फिरतंय! भाऊ, फिरतंय ना?

दुकानदार : अं… हो. फिरतंय खरं.

बायको : बघा! आवाज ऐका, कसा येतोय.

टेलर : तू फिरवतेयस.

बायको : मी नुसता आधार दिलाय. जोर तुमचाच आहे.

टेलर : माझा हात नुसता तुझ्याबरोबर फिरतोय. सोड बघू तू.

बायको : लगेच कसा सोडू? सवय होईपर्यंत थोडं…

टेलर : सोड.

(रीळ थांबतं. हात मुठीवरून घसरून काउंटरवर पडतो. बायको तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवते आणि सदऱ्याची बाही नीट करते.)

दुकानदार : मास्तर, पाणी देऊ?

टेलर : पाणी नको, डावं रीळ दे.

बायको : आणि डावं घेऊन करणार काय आहात? रॉड कोण धरणार? एका हाताने टाळी तरी वाजते का?

टेलर : टाळी नाही वाजत. मासा लागतो. सांग रे हिला.

दुकानदार : होतं वहिनी, एका हाताने होतं. डाव्या हाताने गळ लांब फेकायचा. मग रॉडचं बूड कमरेच्या पट्ट्यात खोचायचं, हा असा पट्टा येतो. हात मोकळा झाला की त्याच हाताने रीळ फिरवायचं. मूठ डावीकडे असली तर जमतं. उजवीकडची मूठ डाव्या हाताने फिरवायची म्हणजे पाठीवरची बटणं स्वतःची स्वतः लावण्यासारखं. पण मास्तर, डाव्याने फेकायला जमेल का? त्याला सराव लागतो.

टेलर : सराव झालाय. गच्चीवर जातो दुपारी. काठीला दोरा, दोऱ्याला आपला मापाचा खडू. समोर टब ठेवतो. दहातले सात टबात पडतात.

बायको : तो टब… मी मेली शेजारणीशी भांडले, टबाला खडू फासतात तुमची पोरं म्हणून! आणि मला म्हणत होतात, गच्चीवर पाय मोकळे करायला जातो.

टेलर : पाय मोकळे होतातच की.

बायको : हसू नका. मला हसायला येत नाहीये.

दुकानदार : वहिनी, मी एक सुचवू का? भांडणच नको. हे बघा, हे साधं रीळ. ह्याची मूठ काढता येते. हा स्क्रू सैल केला, ओढली, ह्या बाजूने घातली, झालं. आज डावीकडे लावून घेऊन जा. हात आला, की घरच्या घरी काढून उजवीकडे लावा. नाण्याने सुद्धा स्क्रू फिरतो.

बायको : अगंबाई! मग हे आधी का नाही दाखवलंत? हेच द्या. आता तर तुमचं काही म्हणणं नाही ना? तुमचंही झालं, माझंही झालं.

टेलर : ते नको.

बायको : का पण? काय वाईट आहे त्यात?

टेलर : रीळ चांगलं आहे. पण घरी आणलं की काय होईल मला माहीत आहे. मी पाण्यावरून आलो की तू पिशवीत बघशील. मासा बघायला नाही. मूठ कुठल्या बाजूला आहे ते बघायला.

बायको : बघेन! बघितलं तर काय बिघडलं? माणसाने आशासुद्धा ठेवू नये?

टेलर : ठेव की. पण ती माझ्या रॉडला बांधू नको. मला मासे धरायचेत गं. रोज सकाळी उठून हाताची परीक्षा नाही द्यायची. हात लुळा पडून वर्ष होत आलं, रोज नापास होतोय.

बायको : आज रीळ डावं म्हणताय. उद्या म्हणाल, दुकानाची पाटी उतरव. परवा म्हणाल, कात्री विकून टाक. ती तुमची कात्री मी पुसून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलीय ड्रॉवरमध्ये. कुणाला हात लावू देत नाही.

टेलर : ड्रॉवरमध्ये नाहीये ती.

बायको : म्हणजे?

टेलर : दुकानातल्या कारागिराला दिली. त्याच्या कात्रीला धार नव्हती, कापड चावत होती. एवढं चांगलं सुटाचं कापड, बघवेना मला.

बायको : मला न विचारता?

टेलर : विचारलं असतं तर देऊ दिली असतीस?

बायको : गिऱ्हाइकांना मी काय सांगते माहीत आहे ना? मास्तर येतायत, जरा थांबा. मास्तरच कापतील तुमचं कापड. लोक थांबलेत हो तुमच्यासाठी!

टेलर : कुणी थांबलेलं नाही. सगळ्यांचे कपडे तोच कापतो आणि तोच शिवतो. तू घरी गेलीस की येऊन घेऊन जातात.

बायको : कोण? डॉक्टरीणबाई?

टेलर : त्याही.

बायको : परवाच मला म्हणाल्या, सावकाश होऊ द्या, आम्हाला काही गडबड नाही.

टेलर : भल्या आहेत बिचाऱ्या.

बायको : म्हणजे सगळ्या गावाला माहीत. मी एकटीच…

दुकानदार : तसं नाही हो, वहिनी. लोकांना तुमचं वाईट वाटतं म्हणून… म्हणजे वाईट नाही, काळजी… मी आत जाऊन चहाचं बघतो.

टेलर : थांब रे. तू गेलास की ही रडेल.

बायको : मी रडत नाहीये. मला फक्त एवढं सांगा, इस्पितळातले डॉक्टर काय म्हणाले होते? प्रयत्न सोडू नका, असंच म्हणाले ना? मी तिथेच होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

टेलर : त्याच्या आधी काय म्हणाले?

बायको : आधीचं नाही मला आठवत.

टेलर : मला आठवतं. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे फारसं येत नाही. एवढं म्हणाले, मग तुझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग म्हणाले, प्रयत्न सोडू नका.

बायको : डॉक्टर काय देव आहेत? येत नाही म्हणतात, मग मुंग्या कशा येतात? सांगा ना भाऊंना. आधी करंगळीला आल्या, मग तळव्याला, आणि परवा मनगटापर्यंत. तुम्हीच म्हणालात. त्याच दिवशी मी पळत आले इथे.

टेलर : अगं…

बायको : नाही, सांगा भाऊंना.

टेलर : नाही येत मुंग्या.

बायको : आज नसतील आल्या. थंडीचं होतं असं.

टेलर : कधीच नाही आल्या.

बायको : असं कसं? तुम्ही…

टेलर : रोज सकाळी तू तेल कोमट करून आणतेस. हात मांडीवर घेतेस, चोळतेस, आणि विचारतेस, काही वाटतंय का? मी खरं तेच सांगायचो, नाही. मग बाटलीचं झाकण लावायला तुला फार वेळ लागायचा. माझ्याकडे पाठ करून लावत बसायचीस. एक दिवस मला ते बघवलं नाही. म्हटलं, करंगळीला मुंग्या आल्यासारखं वाटतंय.

बायको : मग?

टेलर : मग काय? त्या दिवशी तू गुणगुणत भांडी घासलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. आता नाही कसं म्हणायचं? करंगळी झाली, तळवा झाला. खोट्याला अस्तर लावत गेलो. मनगटापर्यंत आलो आणि तू हे रीळ घेऊन आलीस. तेव्हा ठरवलं, आता हे उसवलंच पाहिजे.

बायको : घरी नव्हतं उसवता येत? भाऊंच्या समोर कशाला?

टेलर : घरी मला जमलं नसतं. घरी तू आणि मीच असतो. मी परत काहीतरी बोललो असतो. खांद्यापर्यंत नेल्या असत्या मुंग्या.

दुकानदार : घ्या वहिनी, पाणी घ्या थोडं.

बायको : खरंच एकदाही नाही? एवढंसंसुद्धा?

टेलर : नाही गं.

बायको : तेल गार की गरम, ते तरी?

टेलर : नाही.

बायको : एकदा फार तापलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. हात लालबुंद झाला तुमचा. आणि तुम्ही मला कसलीतरी गंमत सांगत होतात, हसत होतात. मला वाटलं, सहन करताय माझ्यासाठी.

टेलर : मला कळलंच नव्हतं. तू ओरडलीस तेव्हा खाली बघितलं.

बायको : देवा!

टेलर : ए. असं नको करू. बस जरा.

बायको : मग आता मी काय करू? उद्या सकाळी उठून करू काय मी? तेल लावू की नको?

टेलर : लाव.

बायको : कशाला लावू? काही उपयोग आहे का?

टेलर : मला कळत नसलं तरी दिसतं ना. तू हात धरून बसलेली दिसतेस. चांगलं वाटतं ते बघून. खरं सांगतोय, हे खोटं नाही. फक्त विचारू नकोस, काही वाटतंय का. तेवढं सोडून काहीही बोल.

बायको : काहीही म्हणजे काय बोलू?

टेलर : शेजारणीच्या कागाळ्या सांग. मला त्यांचा कधी कंटाळा आलाय का?

बायको : तिची माफी मागायचीय आता. टबासाठी.

टेलर : मी येतो बरोबर. खडू माझाच होता.

दुकानदार : वहिनी… मग… कुठलं काढू? का आज राहू द्या? सावकाश या, उद्या-परवा. मी कुणाला देत नाही ते.

बायको : नको. उद्या आले तर मी परत उजवंच मागेन. ते गोल काढा. डाव्या मुठीचं.

दुकानदार : आणि हे साधंही असू दे का बरोबर? वापरायला म्हणून. पुढेमागे कधी…

बायको : ते आत ठेवा, भाऊ. माझ्यासमोरून उचला ते.

दुकानदार : बरं, बरं. हे बघा, हे डावं. तसंच आहे अगदी, नुसती मूठ ह्या बाजूला. खोक्यात भरू?

बायको : खोकं नको. त्यांना बघू दे.

दुकानदार : घ्या मास्तर, धरा नीट.

बायको : तिकडून नको हो, भाऊ. असं इकडून या. डाव्या हातात द्या त्यांच्या.