संध्याकाळचं पाणी

(क्लबच्या माळ्याला मिळालेली खोली. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर हिरवळीचा उपटून आणलेला, डाग पडलेला तुकडा.)

जावई : मी नोकरीत कायम झालो तर तुम्हाला काय मिळणार आहे, ते आधी मोजा, मामा. रिटायर होऊनही हीच खोली, हीच कॉट, लेकीच्या हातचा चहा. मरेपर्यंत. आणि तुम्हीच रोज गुपचूप हिरवळीवर पाणी सोडत होतात.

सासरे : पाणीच सोडलं, जावईबापू. ॲसिड नाही. तू दमून येतोस म्हणून हातभार लावला.

जावई : मला न विचारता. पाइप ओला सापडला म्हणून आज कळलं तरी. दिवेलागणीला का?

सासरे : तीस वर्षं दिवेलागणीलाच दिलं. क्लबच्या नळाला पाणीच तेव्हा यायचं.

जावई : आता दिवसभर येतं. मी पहाटे देतो, उन्हानं पाती सुकतात. तुमचं पाणी रात्रभर पात्यांवर बसून राहतं. बुरशीला आयतं अंथरूण.

सासरे : कसली बुरशी? कुत्र्याच्या मुताचे डाग आहेत ते.

लेक : बाबा, हे पातं नीट बघा. मधे वाळका ठिपका, कडेनं तपकिरी रेघ. मुतानं पातं सरसकट जळतं, आणि डागाभोवतीचं गवत उलट माजतं.

सासरे : तू कधीपासून माळीण झालीस?

लेक : माळ्याच्या घरात जन्मले, माळ्याच्याच घरात दिलीत. दुसरं काय होणार?

जावई : पहाटे या एकदा. डागाला धुरकट कडं असतं, दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. आठला सगळं गायब. रिटायर झाल्यापासून पहाट बघितलीय का तुम्ही?

सासरे : टोमणे पुरे. उपाय बोल.

जावई : उपाय मला येतो. संध्याकाळचं पाणी बंद, युरिया बंद, डागाचा भाग सगळ्यात शेवटी कापायचा आणि मशीनची पाती धुऊन ठेवायची. महिन्यात भरून येईल. पण मला कायम करायचं का, ते ठरवायला कमिटी उद्या दहाला बसतेय. हे कोणामुळे झालं, एवढंच विचारणार. उत्तर नसेल तर माझ्यामुळे.

सासरे : कुत्रा म्हण.

जावई : म्हटलं ना कमिटीला. गेल्या आठवड्यात, तुमच्याच शब्दावर. त्याच दिवशी कमिटीची माणसं वॉचमनचा कुत्रा गाडीत कोंबून कुठेतरी सोडून आली. त्यानंतर डाग दुप्पट झाले.

सासरे : मला कोणी बोललं नाही.

जावई : बोलून काय करणार होतात? त्यालाही पाणी घालणार होतात?

लेक : अहो, बास.

जावई : बास काय? तो माणूस रोज गेटवर मला सलाम करतो. आता मान फिरवतो. बरोबर करतो.

सासरे : उद्या माझं नाव सांग.

लेक : मग ते तुम्हाला हिरवळीवर पाऊल ठेवू देणार नाहीत, बाबा.

सासरे : नको देऊ देत.

जावई : तीस वर्षांची हिरवळ आहे, मामा. रागाच्या भरात बोलू नका.

सासरे : राग तुला आलाय. मी हिशेब करतोय. चुकलो मी, हिरवळ गेली माझी. बरोबर बसतं. तू कायम होशील, खोली राहील, तेही बसतं. वॉचमनचं काय चुकलं होतं, ते तेवढं कुठे मांडू सांग.