डावीकडचा दांडा

सहादेव : जीप विकून टाक म्हणलो हुतो ना तुला? मग ह्यो उद्योग कशापायी?

विजयमाला : गिऱ्हाईक येईस्तोवर उभ्या उभ्या गंजली असती. बसा आधी. रामहरी, धरा वो ह्यांना. डाव्या अंगानं धरा, लकव्यापासनं तो हात अजून उचलत न्हाई.

रामहरी : या दादा. पाय वर घ्या... हां, बसलात.

सहादेव : ह्या जीपमधी बसायला मला शिकवू नको रामहरी. फक्त ह्या बाजूला कधी बसलो न्हाई.

रामहरी : दादा, ओव्हरड्राइव्ह तुमीच मागवलेलं हाय. तुमच्या शेडात पोत्यात गुंडाळून पडलं हुतं. वहिनी टेम्पोत टाकून घेऊन आल्या, म्हणल्या, बसवा.

सहादेव : मागवलं तवा दोन्ही हात चालत हुते माझे.

विजयमाला : रामहरी, मला परत एकदा सांगा. साध्या भाषेत.

रामहरी : टॉप गिअर टाकला की ही किंचाळायची का न्हाई? आता टॉपमधी असताना क्लच दाबायचा अन् हा नवा छोटा दांडा मागं ओढायचा. चाकं तेवढीच पळत्यात, इंजिन मात्र निवांत. घाट लागला की दांडा परत पुढं. चढाला ताकद लागती.

सहादेव : पर दांडा एवढा डावीकडं का घेतला? ड्रायव्हरचा हात कसा पुरायचा तिथं?

रामहरी : मी पण तेच म्हणलो. वहिनी ऐकंनात. तिथंच पायजे म्हणल्या.

विजयमाला : माझा न्हाईच पुरत. तुमचा उजवा पुरतो का बघा.

रामहरी : पुरतोय की! जावा, घारगावापर्यंत फिरवून आणा. काही आवाज आला तर उभी करा अन् फोन लावा.

(विजयमाला जीप संगमनेरातून पुणे रस्त्याला काढते. रामहरी गॅरेजच्या दारात मागे राहतो.)

सहादेव : क्लचवर पाय ठिवून बसू नको. जळंल.

विजयमाला : तुमीच शिकवली ना मला? ऊस तुटून गेलेल्या रानात.

सहादेव : रानात फिरवायला शिकवली. हमरस्त्यावर न्हाई.

विजयमाला : एकदा शिर्डी सोडली तर हमरस्त्यावर नेलं कधी मला?

सहादेव : लई आदळती. तुझ्या कंबरेला झेपली नसती.

विजयमाला : आता झेपतीच हाय की. टॉप पडला बघा. ओढायचा का?

सहादेव : तू क्लच दाब. मी सांगन तवा सोड.

विजयमाला : दाबला.

सहादेव : ...आयला! गिअरचे दात घासले. सोड, सोड.

विजयमाला : मोडलं का काय?

सहादेव : न्हाई. पूर्ण दाबला न्हाईस तू. अन् मी पण घाई केली. परत दाब. पार खालपर्यंत... आता सोड. हळू.

विजयमाला : अगं बाई! बंद पडली?

सहादेव : चालू हाय. काटा बघ. मघापेक्षा जास्ती पळती.

विजयमाला : मग आवाज कुठं गेला?

सहादेव : ह्याच्यासाठीच मागवलं हुतं.

विजयमाला : लग्न झाल्यावर ह्याच जीपमधनं शिर्डीला नेलं हुतं मला, मामंजींना विचारून. जाऊन येईस्तोवर तुमचा एक शब्द ऐकू आला न्हाई.

सहादेव : मी तर सारखा बोलत हुतो.

विजयमाला : व्हट हालताना दिसायचे. काय बोलत हुता?

सहादेव : आता काय आठवतंय... तुझ्या बांगड्यांबद्दल कायतरी.

विजयमाला : तवाच थांबवून सांगायचं की.

सहादेव : लाज वाटली असंल. त्या ट्रकाला जाऊ दे पुढं, त्याच्या नादी लागू नको.

विजयमाला : झोपेत तुमचा उजवा पाय दाबतो, ठावं हाय का? ब्रेक मारल्यासारखा. मी जागी होते.

सहादेव : उठवायचं मला.

विजयमाला : चालवत असता तवा कसं उठवू?

सहादेव : विजू, मी परत त्या बाजूला बसन का गं कधी?

विजयमाला : मला न्हाई माहीत. डॉक्टरला विचारलं, तो पण ‘बघू’ म्हणला. खोटं कशाला सांगू?

सहादेव : घाट आला. दाब क्लच, दांडा पुढं घेतो.

विजयमाला : ह्या बारीला नीट बसला.

सहादेव : आता न्हाई चुकायचा. हाताला कळला.

विजयमाला : दमला असाल तर घाट उतरून चहाला थांबवते.

सहादेव : नको. उतरायला परत चार माणसं लागतील. चालू दे अशीच.

विजयमाला : घारगाव आलं बघा. फिरवू मागं?

सहादेव : धारांची वेळ झाली असंल.

विजयमाला : ज्ञानेश्वरीला सांगून आलेय. गुणाची हाय सून, काढंल धारा.

सहादेव : सांगून आलीस? म्हंजी घारगावहून फिरायचंच नव्हतं तुला.

विजयमाला : रामहरीला कशाला घोर लावायचा?

सहादेव : अन् जायचं कुठं?

विजयमाला : माळशेज मी तुमच्या मोबाईलमधीच बघितला. ढगात उभी असलेली जीप. बोनेटवर तुमचे सगळे दोस्त.

सहादेव : एकाबी फोटोत मी न्हाई. काढणारा मीच असायचो.

विजयमाला : मी पण न्हाई कुठल्याच.

सहादेव : ...तिथं वारा लई असतो. शाल घेतली का?

विजयमाला : दोन घेतल्यात. ह्या दिवसांत असतात का वो ढग?

सहादेव : रस्त्यावर उतरत्यात. कठड्यापाशी उभं राह्यलं की बाजूचं माणूस पण दिसत न्हाई.

विजयमाला : मग आपण जीपमधीच बसू.

सहादेव : आळेफाटा आला. चौकात हळू कर. सरळ पुणं, डावीकडं नगर.

विजयमाला : अन् उजवीकडं?

सहादेव : उजवा इंडिकेटर लागत न्हाई तुझा. हात बाहेर काढून दाखव.

विजयमाला : दाखवलाय.